अंगठा उठत नाही

भाऊबीजेची जेवणं उरकली, भावानं ओवाळणीचं पाकीट माझ्या हातात ठेवलं, आणि भाच्यानं खिशातून मोबाइल काढला. "आजी, तुझा हयातीचा दाखला आत्ताच करून टाकू. दोन मिनिटांचं काम आहे."

ही गोष्ट ३ नोव्हेंबर २०२४ ची, रविवारची. त्या दोन मिनिटांच्या कामाला पुढे आठ दिवस लागले. ते आठ दिवस मला लिहून ठेवायचे आहेत, कारण त्यांत आईचं सगळं आयुष्य येऊन गेलं असं मला वाटतं.

आई ८२ वर्षांची आहे. वडील रेल्वेत होते, पुणे-मिरज मार्गावर. आधी गँगमन, मग कीमन. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज ठरलेला पल्ला पायी चालायचा आणि रुळाच्या ढिल्या झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव अशा छोट्या स्टेशनांच्या आसपास आमचं बालपण गेलं. १९९५ साली ते निवृत्त झाले, २०११ साली गेले. तेव्हापासून आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ते चालू राहायचं तर वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, आपण हयात आहोत हे कळवावं लागतं. ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा असते, पण आमच्याकडे दिवाळीआधी या कामाची कुणाला आठवण होत नाही.

ऐंशी पूर्ण झाली की निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते. आईची ती वाढ २०२२ साली सुरू झाली तेव्हा आम्ही पेढे आणले होते. त्यानंतरच दाखल्याची अडचण वाढत गेली. २०२३ च्या नोव्हेंबरात घरी मशीन घेऊन आलेल्या मुलानं पाच वेळा बोट ठेवायला लावलं, तेव्हा कुठे दाखला निघाला. वय वाढलं म्हणून सरकार जास्त पैसे देतं, आणि त्याच वयानं बोटावरच्या रेषा पुसल्या जातात.

भाच्याच्या मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढायची सोय होती. 'जीवन प्रमाण' ही योजना १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाली, तेव्हा बोट किंवा डोळ्याची बुबुळं लागत. चेहऱ्याची सोय २०२१ च्या नोव्हेंबरात आली. आधार क्रमांक टाकला, ओटीपी आला. मग पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक. तो वडिलांच्या लोखंडी पेटीत, पिवळ्या पडलेल्या पुस्तिकेत. पेटी उघडली की आई सगळंच बाहेर काढते: वडिलांची शिट्टी, जुने रेल्वे पास, एका कागदात गुंडाळलेली त्यांची चष्म्याची काडी. त्यात अर्धा तास गेला. कुणीच घाई केली नाही.

मग मोबाइलनं दोन प्रश्न विचारले. पुन्हा नोकरी केली आहे का? पुनर्विवाह केला आहे का?

भाचा अडखळला. मला म्हणाला, "आत्या, हे तूच विचार." मी विचारलं. आईनं आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग तोंडाला पदर लावून हसली. इतकी हसली की ठसका लागला. पाणी प्यायल्यावर भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाली, "ह्यास्नी इच्यारावं लागंल. ते हो म्हनले तर बघू." भाच्यानं 'नाही'वर टिचकी मारली. पुढचे काही दिवस तिची मधेच ती आठवण निघायची आणि भाजी निवडता निवडता ती पुन्हा हसायची. सरकारी अर्जातल्या एका प्रश्नानं आमच्या घराला इतका आनंद दिला असेल, असं तो प्रश्न लिहिणाऱ्याच्या मनातही आलं नसेल.

चेहरा मात्र जुळेना. आईच्या डोक्यावरचा पदर खाली घेतला, पुन्हा वर घेतला. चष्मा काढला. खिडकीजवळ बसवलं, अंगणात बसवलं. मोबाइल सांगत होता की पापण्या मिटा आणि उघडा. आईला कुणी फोटो काढायला बसवलं की ती डोळे ताणून ठेवते. फोटोत डोळे मिटायचे नसतात हे तिला वडिलांनी शिकवलंय. पापणी हलवायला सांगितली की ती मानच हलवायची. आधारवरचा फोटो बारा वर्षांपूर्वीचा. तेव्हा तिचे दात होते, गालावर मांस होतं. आठ-नऊ वेळा झाल्यावर ऊन उतरलं आणि भाच्यानं मोबाइल ठेवून दिला. "आजी, हा तुला ओळखत नाही." आई म्हणाली, "मला तरी कुटं तो ओळखीचा हाय?"

मंगळवारी मी पोस्टात सांगून आले. पोस्टमन घरी येऊन हा दाखला करून देतात, दाखला निघाला तरच सत्तर रुपये घेतात. मला ही सोय फार मोलाची वाटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून बँकेत नेण्याची वेळ माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत आली होती. ते दिवस मी विसरलेले नाही.

पोस्टमनदादा बुधवारी दुपारी आले. पाठीवरच्या पिशवीतून छोटं मशीन काढलं, मोबाइलला जोडलं. उजवा अंगठा. नाही. डावा अंगठा. नाही. मग एकेक बोट. त्यांनी आईचा हात ओल्या फडक्यानं पुसला, कोरडा केला, थोडं खोबरेल लावून पुन्हा पुसला. आई शाळेतल्या मुलीसारखी दोन्ही हात पुढे करून बसली होती. दहाही बोटं झाली. मशीनवर लाल दिवा.

पोस्टमनदादांनी तिचा हात उलटा केला आणि उजेडात धरून बघितला. "मावशी, रेघाच राहिल्या नाहीत की ओ." मग मला म्हणाले, "माझ्या बीटात असे बरेच आहेत. गवंडीकाम केलेले, विटा वाहिलेल्या बायका, धुणीभांडी करणाऱ्या. साहेब लोकांची बोटं पटकन उठतात."

मीही तो हात नीट बघितला. किती वर्षांनी बघितला कुणास ठाऊक. वडील पहाटे निघायचे, त्याआधी भाकरी. आम्ही तीन भावंडं, आजी, कधी गावाकडून आलेला कुणी ना कुणी. दिवसाला वीस-बावीस भाकऱ्या परातीत थापायच्या, तव्यावर पाणी फिरवायचं, आर काढून भाकरी शेकायची. भांडी राखेनं. जमीन शेणानं. थंडीच्या दिवसांत जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, त्यात सुई बोटाला लागायची तीही याच. हे सगळं त्या रेघांवरून गेलं होतं. पोस्टमनदादांनी सत्तर रुपये घेतले नाहीत. चहा आणि दोन बेसनाचे लाडू घेतले, आणि बँकेत जा म्हणाले, तिथं कागदावर होईल.

"कागदावर म्हंजी?" आईनं विचारलं.

"फॉर्म असतो मावशी. साहेबांसमोर सही करायची."

आई काही बोलली नाही. पण संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा ती लाइटबिलाच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत बसली होती.

इथं मला मागे जावं लागेल. आईचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, अंगठा करायचे. सोसायटीचं कर्ज असो, शेतसारा असो, अंगठ्याला शाई लावायची, कागदावर टेकवायचा आणि उरलेली शाई डोक्याच्या केसांना पुसायची. आई सांगते की ते तालुक्याहून परत आले की आजी आधी त्यांचं डोकं बघायची. केस काळे-निळे चिकटलेले दिसले की कुठंतरी अंगठा देऊन आलेत हे कळायचं. कशावर दिला, ते त्यांनाही धड सांगता यायचं नाही.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावोगावचे शाळामास्तर रात्री मोठ्या माणसांना शिकवायला बसायचे. आईच्या गावात देवळात वर्ग भरायचा. कंदिलाच्या उजेडात, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. आई तेव्हा सतरा वर्षांची. घरात शाळेचं तोंड कुणीच बघितलेलं नव्हतं. पाटीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा तिनं ती पाटी न पुसता घरी आणली, डोक्यावर पालथी धरून, कारण बाहेर बारीक पाऊस होता आणि अक्षरं वाहून जातील अशी भीती. सगळं गाव लिहायला-वाचायला लागलं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. त्या दिवशी वाजतगाजत मिरवणूक निघाली आणि बायकांनी दारात सडा-रांगोळी केली, हे ती आजही लग्नाच्या वरातीपेक्षा जास्त रंगवून सांगते.

लग्न होऊन ती रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आली. तिथं पगार वाटायला बाबू यायचा. गँगची माणसं रांगेत उभी राहून अंगठे करायची. वडीलही. आईला ते सहन होईना. तिनं क्वार्टरच्या फरशीवर खडूनं त्यांचं नाव लिहिलं आणि रोज रात्री जेवण झाल्यावर ते गिरवायला लावलं. वडील दिवसभर रुळावर चालून दमलेले असायचे. बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. तीन महिने लागले. पुढच्या एका पगाराला त्यांनी सही केली तेव्हा मुकादमानं सगळ्यांना चहा पाजला म्हणे. त्यांच्या पीपीओच्या कागदांवर दोघांच्या सह्या आहेत, शेजारी शेजारी. वडिलांच्या अक्षराचं वळण अगदी आईच्या अक्षरासारखं आहे. ती पेटी उघडायला तिला एवढं का आवडतं, ते मला या नोव्हेंबरात कळलं.

म्हणून जेव्हा जेव्हा दाखल्याचं मशीन समोर यायचं आणि "आजी, अंगठा ठेवा" असं कुणी म्हणायचं, तेव्हा तिच्या कपाळावर आठी यायची. आम्हाला वाटायचं की मशीनची भीती वाटते. ती नुसती म्हणायची, "मला सही येती." समोरचा हसून म्हणायचा, सही नको, अंगठाच पाहिजे. एकदा नाही, २०२० पासून चार वर्षं आम्ही तिला हे ऐकवलं. तिच्या बाजूनं बोलायला हवं होतं. तो मुलगा निर्दोष होता, मशीनही निर्दोष; पण तिला त्यात काय ऐकू येत असेल हे मला तरी कळायला हवं होतं.

सोमवारी, ११ तारखेला मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही बँकेत गेलो. आईनं दिवाळीतली नवी साडी नेसली. कोविडच्या आधी दरवर्षी ती अशीच नटून जायची. तेव्हा आम्ही बँकेत जाऊनच दाखला द्यायचो. नंतर आम्ही सगळं घरी आणलं, तिला त्रास नको म्हणून. शाखेच्या दारातून आत शिरताना तिनं पायरीला हात लावला, देवळात लावतात तसा.

आत पेन्शनवाल्यांची गर्दी. खुर्च्या भरलेल्या, काही जण जिन्यावर बसलेले. आणि मी बघत राहिले की या गर्दीत कंटाळलेलं कुणी नव्हतं. कंटाळलो होतो ते आम्ही, त्यांना घेऊन आलेले. म्हातारी माणसं एकमेकांना शोधत होती. "अहो, तुम्ही दिसलात, बरं वाटलं." "गुडघ्याचं ऑपरेशन केलं का?" "ते तुमच्या शेजारी बसायचे ते यंदा आले नाहीत?" आणि मग क्षणभर गप्प. एक आजोबा वही घेऊन बसले होते. आपल्या खात्यातल्या निवृत्त लोकांची नावं त्यात होती, आणि भेटलेल्या माणसासमोर ते खूण करत होते. ही वही ते स्वतःसाठी ठेवतात, कुणी सांगितलेलं नाही. कुणाची खूण राहिली तर महिनाअखेरीला त्याच्या घरी जाऊन येतात. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि मी पडलेही.

आणि तिथं आईला तिची मैत्रीण भेटली. वाठारच्या क्वार्टरमध्ये दोघींच्या भिंतीला भिंत होती. शेवटची भेट २०१९ च्या नोव्हेंबरात, याच शाखेत. दोघी वर्षातून एकदा इथंच भेटायच्या, हे मला माहीतच नव्हतं. आईला दाखल्याचा त्रास नको म्हणून आम्ही तिचा हा दिवस काढून घेतला होता. मैत्रिणीला आता कमी ऐकू येतं. ती मोठ्यानं म्हणाली, "अगं बया! हायस का अजून?" सगळं काउंटर वळून बघायला लागलं. आई त्याहून मोठ्यानं म्हणाली, "त्योच दाखला घ्यायला आलीया!"

दोघी हातात हात घालून बसल्या. मैत्रिणीचा नंबर आधी आला. तिनं मशीनवर बोट ठेवलं आणि पहिल्याच वेळी हिरवा दिवा लागला. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझ्या कानाशी म्हणाली, "हिचा उठनारच. हिनं भाकऱ्या कवा केल्या? सासूच करायची."

आईचा नंबर आला. काउंटरवरची मुलगी तरुण होती, फार तर सत्तावीस-अठ्ठावीसची. तिनं नियमाप्रमाणे आधी मशीनवर बोटं घेऊन बघितली. उजवा, डावा, पुन्हा उजवा. आई काही न बोलता ठेवत गेली. मग त्या मुलीनं ड्रॉवरमधून छापील फॉर्म काढला, माहिती भरली, आणि काउंटरवर सवयीनं शाईचं पॅड पुढे सरकवलं. आईचं वय बघून, डोक्यावरचा पदर बघून.

मी या वेळी गप्प बसले नाही. "सही करते ती," मी म्हटलं.

मुलीनं वर बघितलं, पॅड बाजूला केलं, स्वतःच्या जागेवरून उठली आणि फॉर्म खाली पुठ्ठा लावून आईच्या मांडीवर ठेवला. "सावकाश करा आजी. घाई नाही."

आईनं सावकाश केली. आधी पेन कागदापासून थोडं वर धरून हवेत एकदा गिरवलं. मग लिहिलं. पहिलं अक्षर जरा कापलं. वेलांटी देताना तिनं श्वास रोखून धरला होता. मग शिरोरेघ, डावीकडून उजवीकडे, एका दमात, न थांबता. देवळातल्या मास्तरांनी शिकवली तशी. मागे रांग होती. तिच्या मैत्रिणीनं रांगेकडे हात करून सगळ्यांना थांबायची खूण केली होती आणि खरोखरच सगळे थांबले होते. त्या मुलीनं सही पीपीओवरच्या सहीशी ताडून बघितली. "आजी, अक्षर तेच आहे हो. एवढ्या वर्षांत बदललं नाही." मग अधिकाऱ्यांची सही, शिक्का, आणि आमच्या हातात पोच.

बाहेर आल्यावर आईनं मोती चौकातून जायचं म्हणून हट्ट धरला. तिथून पाव किलो कंदी पेढे घेतले. ऐंशी झाली तेव्हा घेतले होते, त्यानंतर आत्ताच. एक पेढा तिनं रिक्षावाल्याला दिला. त्यानं विचारलं, "कशाचे आजी?" ती म्हणाली, "सही केली."

आधारवरचा फोटो आणि बोटांचे ठसे नव्यानं करून घ्यायचे आहेत, ते मी या महिन्यात करीन. रेशनच्या दुकानातही त्याची गरज पडते. पण पुढच्या नोव्हेंबरात आम्ही बँकेतच जाणार आहोत, चेहरा जुळो न जुळो. मैत्रिणीच्या सुनेचा नंबर मी घेऊन ठेवलाय, म्हणजे दोघींना एकाच दिवशी आणता येईल.

त्यानंतर नऊ दिवसांनी, २० तारखेला, विधानसभेचं मतदान होतं. केंद्रावर आईचं नाव पुकारलं. टेबलामागच्या गृहस्थांनी तिला बघितलं आणि तेच झालं. शाईचं पॅड पुढे आलं. मी तोंड उघडायच्या आत आईनं पिशवीतून पेन काढलं. घरून आणलेलं, निळं. बँकेतलं काळं पेन तिला फिकट वाटलं होतं. रजिस्टर तिनं स्वतःकडे ओढलं आणि सही केली. मग डाव्या हाताची तर्जनी पुढे केली आणि त्यांनी नखावर शाईची रेघ ओढली.

घरी येऊन ती अंगणात खुर्ची टाकून बसली, समोर अजिंक्यतारा, आणि ते बोट उन्हात धरून बराच वेळ बघत राहिली. मी चहा घेऊन गेले तर मला दाखवत म्हणाली, "बघ. ह्या बोटावर रेघ उठली म्हनायची."